घरापासून तासाभरात: राहायला, खायला, पिशवी भरायला तुमच्या जागा कुठल्या?

पर्वरीकरीण

चौदा वर्षं पर्वरीत राहते. माहेर सांगलीचं. दर मे महिन्यात पाहुणे येतात आणि त्यांना मी कळंगुट, जुने गोवे, मंगेशी, परत कळंगुट असं फिरवून आणते. गेल्या शुक्रवारी म्हापशाला बँकेचं काम होतं. ते लवकर आटपलं म्हणून बाजारात शिरले. इतकी वर्षं मी किराणा आणि कापडाच्या दुकानांच्या पुढे कधी गेलेच नव्हते. त्या दिवशी केळ्यांच्या ओळीपर्यंत पोचले. एक आजी गोणपाट टाकून बसल्या होत्या. पुढ्यात मयड्याची केळी होती, हातभर लांब आणि मनगटाएवढी जाड. मी एक फणी उचलली तर त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली, दुसरी दिली आणि म्हणाल्या, "ही दोन दिसांनी खा, ती आयतारा." केळं कोणत्या वारी खायचं हे विकणारीनेच ठरवून दिलं. रविवारी सोललं तेव्हा आत मधासारखा रंग होता. कच्चं नाही की उतरलेलंही नाही.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. घराजवळ असं किती असेल जे मी पाहिलेलंच नाही?

प्रश्न असा: सासूबाई (वय ७२) येताहेत. दोन दिवस, एक रात्र. पर्वरीपासून गाडीने साधारण तासाभरात. समुद्र नको. राहायला शांत, खायला घरगुती आणि बरोबर घेऊन येण्यासारखं काही हवं. श्रावण आहे, त्यामुळे मासे नाहीत. आपापल्या जागा सांगा.

म्हापसेकार

ताई, बाजार सापडला हे वाचून फार बरं वाटलं. पुढच्या शुक्रवारी आठच्या आत जा. दहानंतर गावच्या बायका निघायला लागतात आणि बाहेरच्या मालाचेच ढीग उरतात. ओळखायची खूण सांगतो: जिच्याकडे एकच प्रकारचा माल भरपूर आहे ती व्यापारीण. जिच्याकडे चार वांगी, दोन दुधी, मूठभर मिरच्या, एक वाटा आंबाडे आणि पानात बांधलेली फुलं आहेत, तिचा माल परसातला. तिच्याकडे घ्या, आणि घासाघीस करू नका.

त्या केळ्यांचा कॅथलिक घरांतून फिगाद करतात, आटवलेला गोड पदार्थ. वडीसारखा कापता येतो, टिकतोही. त्याच बाजारात मिळेल, विचारा.

डिचोलकर

गोव्यात पत्ता विचारून काही सापडत नाही, वार विचारावा लागतो. सोमवारी साखळी, बुधवारी डिचोली, गुरुवारी बाणस्तारी, शुक्रवारी म्हापसा. तीच जागा दुसऱ्या वारी बघाल तर रिकामे कट्टे आणि चार कुत्री. बाहेरून येणाऱ्यांना हे कळत नाही. ते नकाशावर खूण बघून मंगळवारी बाणस्तारीला येतात आणि "इथे काहीच नाही" म्हणून परततात.

तुम्ही बुधवार धरून डिचोलीला या. आमच्याकडची पितळी समई आणि मातीची भांडी प्रसिद्ध आहेत. मातीचं मडकं घेणार असाल तर बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐका. खणखणीत वाजलं तर भाजणी नीट झाली. बद्द आवाज आला तर चीर असते, डोळ्यांना दिसत नाही. माझी आजी प्रत्येक मडकं कानाशी धरून घ्यायची, मीही तसंच घेतो.

उकडे_तांदूळ

खाण्याचं मी सांगते. सकाळी कुठल्याही बाजाराच्या गावी उतरलात की आधी भाजीपाव. "मिक्स" मागा: पातळ भाजी आणि सुकी भाजी एकत्र, बरोबर पाव किंवा बन्स, वर एक मिरची भजी. नाव नसलेल्या, चार बाकांच्या जागेतच खा. भाजी संपली की ते शटर ओढतात, आणि माझ्या मते तीच चांगल्या जागेची खात्री. दिवसभर पुरते ती भाजी सकाळची नसते.

पेडण्याचा

+१. आणि बन्स गरम असतील तरच.

फोंड्याची_सून

राहण्यासाठी माझं मत वेगळं आहे. सासूबाई बरोबर आहेत, मग हॉटेल कशाला? फोंडा महालातल्या देवस्थानांच्या अग्रशाळा (भाविकांना उतरायच्या खोल्या) आहेत. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, म्हार्दोळची म्हाळसा, सगळी देवळं एकमेकांपासून जवळ. महाराष्ट्रातून कुळावी (ज्यांचं ते कुलदैवत ते) येतात ते तिथेच उतरतात. खोल्या साध्या, भाडं कमी, अटी स्पष्ट: सोवळं-ओवळं जपायचं, मांस-मद्य नाही, रात्री उशिरा येणं नाही. आधी देवस्थानाच्या कार्यालयात विचारा. कुळाव्यांना आधी मान असतो आणि उत्सवाच्या दिवसांत जागा मिळणं कठीण.

मी लग्न होऊन फोंड्याला आले तेव्हा घराचं काम चालू होतं, म्हणून पहिले तीन दिवस आम्ही अग्रशाळेत काढले. पहाटे चौघडा वाजला तेव्हा मी दचकून उठले. बाहेर तळीवर धुकं होतं आणि एक बाई जायांच्या (जाईच्या) कळ्या निवडत बसली होती. म्हार्दोळला जायो होतात. त्यांच्या फाती (गजरे) केळीच्या दोऱ्यात इतक्या दाट विणतात की दोरा दिसत नाही. ऑगस्टमध्ये म्हाळसेला जायांची पूजा बांधतात, सगळा गाभारा आणि चौक त्या फुलांनी भरून जातो. तारीख विचारून जमलं तर तेव्हाच जा. संध्याकाळी देवळाच्या पायरीवर नुसतं बसलं तरी वासाने डोकं हलकं होतं.

सासूबाईंना म्हार्दोळची पितळेची दीपमाळही दाखवा.

कुळागर

फोंड्याची सून, अग्रशाळेचं पटलं. पण प्रत्येकाला तिथले नियम झेपत नाहीत, आणि "शांत" म्हणाल तर सुट्टीच्या दिवशी मंगेशीला बसगाड्यांची रांग असते.

मी सावईवेऱ्याच्या बाजूचा. आमच्याकडे आणि केरीकडे काही घरांनी कुळागरातल्या खोल्या राहायला दिल्या आहेत. कुळागर म्हणजे नुसती बाग समजू नका. वर माड आणि पोफळी, पोफळीवर चढलेला मिरवेल, मधल्या थरात केळी, फणस, जायफळ, खाली हळद, आलं, अळू, अननस. पाणी डोंगरातल्या झरीचं, पाटाने खेळवलेलं. पाट कोणी कधी अडवायचा, कोणाला किती वेळ पाणी, हे ठरलेलं असतं. पावसात दार उघडलं की पाटाच्या पाण्याचा आवाज रात्रभर येतो. शहरातली माणसं पहिल्या रात्री "नळ चालू राहिला का?" म्हणून उठतात.

श्रावणात याल तर पातोळ्या खायला मिळतील. आमच्याकडे नागपंचमीला आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत होतात, शेजारच्या कॅथलिक घरी १५ ऑगस्टच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला). हळदीचं पान परसातून तोडून आणायचं, मधली जाड शीर खरडायची, तांदळाचं वाटण हाताने पातळ पसरायचं, वर चून घालायचं (खोबरं आणि माडाचा गूळ), पान मिटून वाफवायचं. वाफ निवल्यावर पान सोलताना पातोळीवर पानाच्या रेघा उमटलेल्या दिसतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर पीठ बरोबर लागलं. माझी आई पातोळी ताटात वाढायच्या आधी रेघा बघते.

वास्कोतून

जरा सावध करतो. गेल्या वर्षी आम्ही "कुळागरातलं घर" म्हणून एक जागा फोटो बघून घेतली. नाव लिहीत नाही. पोचलो तर घर बरोबर, पण शेजारी पन्नास जणांचं संगीत पहाटे दोनपर्यंत. जेवण "घरगुती" म्हणून सांगितलेलं, आलं ते पनीर आणि तंदुरी रोटी. माझ्या वडिलांना रात्रभर झोप नाही. पैसे परत मिळाले नाहीत.

तेव्हापासून फोनवर तीनच गोष्टी विचारतो. एक, स्वयंपाक कोण करतं? दोन, घरमालक तिथेच राहतात का? तीन, उद्या जेवायला काय आहे? तिसऱ्याचं उत्तर "तुम्हाला हवं ते" असं आलं तर मी फोन ठेवतो. "उद्या बाजाराचा दिवस, काय मिळेल ते" असं आलं तर लगेच होकार.

उकडे_तांदूळ

वास्कोतून, तिसरा प्रश्न मी लिहून ठेवला.

होडी

मी वाट सांगतो, जागा नाही. पर्वरीहून जुने गोवे. तिथून फेरीबोटीने दिवाडी, गाडीसकट. या दिवसांत पिएदादच्या टेकडीवर चढून चर्चच्या आवारातून खाली बघा: चारी बाजूंनी भातशेती, पलीकडे मांडवी. मग बेट आडवं पार करून दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरी. तिथून सप्तकोटेश्वर गाडीने थोड्याच वेळात.

ही वाट मुद्दाम सांगतोय, कारण देवही याच वाटेने गेला. सप्तकोटेश्वर कदंब राजांचं दैवत, त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव आहे. मूळ देऊळ दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात मोडलं. लिंग नदीपलीकडे नेऊन नार्व्याला स्थापलं. तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नव्याने बांधवलं. २०२३ मध्ये सरकारने जीर्णोद्धार पुरा केला. फेरीत उभं राहून नदीचं ते पात्र बघताना मला प्रत्येक वेळी वाटतं, रात्री, लपूनछपून, होडीत देव घेऊन ती माणसं कशी आली असतील.

मी तिथे वर्षातून तीनदा तरी जातो. फेरीला घाई चालत नाही, सुटली तर पुढचीची वाट बघायची, हेच मला आवडतं. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी मात्र दिवाडीला बोंदेराम उत्सवाची गर्दी असते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर तो दिवस टाळा.

डिचोलकर

होडी, अगदी मनातलं! नार्व्याहून डिचोली जवळच. म्हणजे मंगळवारी दिवाडीमार्गे निघायचं, रात्री आमच्या बाजूला मुक्काम, बुधवारी सकाळी बाजार. ताई, तुमचं झालंच.

रेईश_मागूश

माझा सूर थोडा वेगळा लागेल, पण लिहितो. अशा जागा इथे उघड सांगू नयेत. आमच्या गावात एका घरात एक काकी संध्याकाळी दारात टेबल टाकून सान्ना (तांदळाच्या इडल्या) आणि धोडोल (गोड पदार्थ) विकायच्या. कोणीतरी व्हिडिओ टाकला. महिन्याभरात गाड्या अंगणापर्यंत, शेजाऱ्यांशी भांडणं, काकींना पहाटे तीनला उठून दुप्पट करावं लागायला लागलं. शेवटी त्यांनी बंद केलं. आता आम्हालाही मिळत नाही. बाजार, देऊळ, फेरी सांगा, कारण ती सगळ्यांची आहेत. कोणाचं घर, अंगण सांगू नका.

फोंड्याची_सून

रेईश_मागूश, तुमचं दुःख कळतं. पण माझ्या जावेने चार वर्षांपूर्वी घरून लोणची आणि सोलं विकायला सुरुवात केली तेव्हा कोणी सांगितलं नसतं तर तिचं काहीच चाललं नसतं. सांगायचं, पण तिला विचारून. "उद्या चार माणसं पाठवू का?" एवढं विचारलं की झालं. ती "नको" म्हणाली तर नको.

रेईश_मागूश

हे मान्य. विचारून सांगणं वेगळं.

सत्तरीचा_वारा

श्रावणात बाहेर पडताय तर रस्त्याच्या कडेला पानात बांधलेली अळमी (रानातली अळंबी) दिसतील. रोयणीवर उगवतात ती. मोजून विकतात आणि भाव ऐकून पहिल्यांदा कोणीही थबकतो. पण त्यांच्या शागोतीची (मसालेदार रश्शाची) चव सांगता येत नाही.

पेडण्याचा

यावर मात्र मी विरोध करणार. रोयण म्हणजे वाळवीचं वारूळ. ती अळमी त्या वाळवीच्या जोडीनेच जगतात, शेतात लावून येत नाहीत. रस्त्यावर विकायला आणण्यासाठी जंगलातल्या रोयणी खणून, कळ्या असतानाच ओरबाडतात. मी लहान असताना आमच्या काजूच्या बागेत दरवर्षी यायची, आता दिसत नाहीत. वन खातंही घेऊ नका म्हणून सांगतं. माझी विनंती, अळमी सोडा. तायकुळ्याची (टाकळ्याची) भाजी घ्या, आंबाडे घ्या, अळू घ्या. पावसाळ्यात खायला कमी आहे का?

सत्तरीचा_वारा

बागेतलं तुम्ही म्हणता ते आमच्याकडेही झालंय. आमच्या घरी आता सालातून एकदाच होतात, स्वतःच्या भाटातल्या (बागेतल्या). विकत घ्या असं लिहायला नको होतं. बरोबर आहे तुमचं.

बदल्यात दुसरं सांगतो, पण उन्हाळ्यासाठी लिहून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये सत्तरीत काजूच्या भाट्या (दारूच्या भट्ट्या) पेटतात. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे सगळ्यांना ठाऊक, पण मी नीऱ्याबद्दल सांगतोय. काजूची बोंडं तुडवून झाली की त्या लगद्याचा ढीग बांधतात, आणि त्यातून दाब न देता जो रस थेंब थेंब गळतो तो नीरो. सकाळीच प्यायचा. ऊन चढलं की आंबायला लागतो. बाटलीत भरून पर्वरीपर्यंत नेता येत नाही, तिथे जाऊनच पिता येतो.

मडगावची_माई

तुम्ही सगळे बार्देश, तिसवाडी, फोंडा आणि डिचोलीच धरून बसलात. दक्षिणेत गोवा नाही का? ताईंच्या तासात बसत नाही हे मला कळतं, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिते.

कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांची लाकडी कामं बघा. लाखेच्या रंगाची खेळणी, पाट, पाळण्याची खांबं. माझ्या मुलीच्या पाळण्यावरचा रंग अजून तसाच आहे आणि ती आता तीस वर्षांची आहे. सामान फिरतं ठेवून त्यावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने रंग वितळून लाकडावर बसतो, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. हे काम करणारी घरं कमी झालीत. लग्नाच्या रुखवतात प्लॅस्टिकचं खेळणं ठेवण्यापेक्षा तिथला एक पाट ठेवा.

नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळाशी बुडबुड्याची तळी आहे. पायरीवर बसा, बुडबुडे तळातून एकसारखे वर येत राहतात. सासूबाई तिथे तासभर नुसत्या बसतील.

वास्कोतून

माई, पाळण्याचा फोटो टाका ना.

मडगावची_माई

मुलीकडे आहे तो, पुण्याला. मागवते.

म्हापसेकार

खरेदीत मीठ कोणी कसं सांगितलं नाही? पेडण्याचे लोक गप्प का? आगरवाड्याला मिठागरं आहेत. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत कडेला ढीग लागलेले असतात. जाडं, थोडं करडं मीठ. आमच्याकडे कैरीचं लोणचं, खारवलेले आंबे याच मिठात. पुड्यातल्या मिठात घातलेली कैरी मऊ पडते असं आमची मावशी सांगते, आणि माझाही अनुभव तोच आहे.

पेडण्याचा

मी अळम्यांवर भांडण्यात गुंतलो होतो! हो, मीठ. भरतीचं पाणी आत घेतात, एका आगरातून दुसऱ्यात उतरवत आटवतात आणि शेवटच्या कोंड्यात मीठ धरतं. एक अवकाळी सर आली की पंधरा दिवसांचं काम विरघळून जातं. त्यामुळे तिथे घासाघीस करणाऱ्याचा मला राग येतो. मे महिन्यात पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) वेळी घ्या, वर्षभराचं.

पर्वरीकरीण

परवा परतलो. सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

होडी यांची वाट घेतली. जुन्या गोव्याला एक फेरी हुकली, वीस मिनिटं थांबलो. सासूबाईंनी तेवढ्यात शेजारच्या मासेवालीशी ओळख काढली. तिची मुलगी मिरजेला दिली आहे! दिवाडीला पाऊस होता म्हणून टेकडीवर गाडीतच बसलो. काचेवरून पाणी ओघळत होतं आणि खाली सगळं हिरवं. नार्व्याला देवळात आम्ही तिघंच. होडी यांनी लिहिलेलं मी वाचून दाखवलं. सासूबाईंनी नमस्कार करून उंबऱ्याला हात लावला आणि बराच वेळ तो काढला नाही.

राहायला अग्रशाळा मिळाली नाही, उत्सवामुळे भरलेली. डिचोलकर यांनी फोनवर एका घराचं नाव दिलं (त्यांना विचारूनच दिलं, आणि मी इथे लिहीत नाही). मी वास्कोतून यांचे तिन्ही प्रश्न विचारले. तिसऱ्याला उत्तर आलं, "तायकुळो आसा, अळसांद्याचें तोणाक करतां, खतखतें जाय जाल्यार आदीं सांगा." (टाकळा आहे, चवळीचं तोणाक म्हणजे कालवण करते, खतखतें हवं तर आधी सांगा.) खतखतें, म्हणजे अनेक भाज्यांची एकत्र भाजी, सांगितलं. तेफळांचा (तिरफळांचा) वास जिन्यापर्यंत येत होता. सासूबाईंनी तेफळ चावलं, तोंड बधिर झालं, मग हसत हसत दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आता सांगलीला न्यायला तेफळं हवीत म्हणून मागे लागल्यात.

बुधवारी बाजार. मडकं कानाशी धरून घेतलं. पहिली दोन बद्द वाजली, तिसरं खणखणीत. कुंभारीण मावशी आमच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कोणें शिकयलें?" मी म्हटलं, डिचोलीच्याच एका आजीने.

डिचोलकर

आजी असती तर तिला वाचून दाखवलं असतं. देव बरें करूं, ताई.

फोंड्याची_सून

तेफळं सुकवलेली घ्या. बिया काढून फक्त सालं ठेवायची, वर्षभर टिकतात. आमच्या झाडाची आहेत, पावशेर देते. आणि चवथीच्या आधी फोंड्याला माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळापानांचा) बाजार भरतो तो चुकवू नका. कवंडळं, तोरिंगं, आंबाड्यांचे घोस, सुपारीचे शिपटे, रानातल्या वेली, एरवी वर्षभर कुठेच न दिसणारी फळं. गणपतीवर बांधायला सत्तरीतून, सांग्यातून लोक डोक्यावरून घेऊन येतात. सासूबाई तोपर्यंत असतील तर बरोबर आणा.

पर्वरीकरीण

राहणार आहेत! परतीचं तिकीट पुढे ढकललं. पण आधी गुरुवारी बाणस्तारी. कोणी येतंय का?

कुळागर

मी असतो, सकाळी सातला. हळदीची पानं घेऊन येतो तुमच्यासाठी.

उकडे_तांदूळ

मी पण. आधी भाजीपाव.